मुलामा

लोखंडी आकडा फडक्याने पुसला, तरी त्याच्या मानेपाशी पुन्हा ओल आली. परत पुसला, परत तीच आडवी रेघ! लग्न होऊन आले तेव्हापासून या कारखान्यात लोखंडावर निकेलचा मुलामा चढवतेय मी. चीर असली की टाकीतलं पाणी आत दडून बसतं आणि मागाहून पाझरतं.

"भाऊजी, याला चीर आहे."

"माहितीये," धाकटे दीर मान वर न करता म्हणाले. भंगारातले आकडे उजळून नवे म्हणून विकायचा उद्योग त्यांनीच काढलेला. "म्हणून तर जाड थर द्यायला सांगितला. आटपा, बाहेर गिऱ्हाईक बसलंय."

गिऱ्हाईक म्हणजे रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग देतो. हा आकडा कमरेच्या पट्ट्याला लावून दोरावर लोंबकळतो.

"अहो, माणूस मरेल!"

"काही मरत नाही. मुलामा म्हणजेच झाकणं, वहिनी."

माझं डोकंच फिरलं. "मामंजी काय सांगायचे? मूळ शब्द अरबी, अर्थ चमकवलेलं. त्यात झाकायचं काही नव्हतं. ती भर तुमच्यासारख्यांनी घातली!"

"झालं पुराण सुरू."

"बरं, मग लटका बघू यावर. तुळईला अडकवते, चला!"

भाऊजी हसले, पण जागचे हलले नाहीत. तेवढ्यात रंगारी आत डोकावला.

"झाला का, ताई? पहिला तर फर्मास झालाय!"

"पहिला कुठला?"

"सकाळी या शेठनी दिला तो. माझ्या धाकट्या भावानं लगेच पट्ट्याला लावला. आज दहाव्या मजल्याला लटकायचंय त्याला."

मी भाऊजींकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक.

"तोही त्याच भंगाराच्या ढिगातला?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"अहो, भावाला फोन लावा आधी!" मी रंगाऱ्यावर ओरडले. "आकड्याला चीर आहे!"

त्याने नंबर लावला, स्पीकर चालू केला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. पुन्हा लावला. माझा जीव टांगणीला लागला होता.

"काय रे दादा? चहा घेत होतो. चढतोच आता."

भाऊजींनी रंगाऱ्याच्या हातातून फोन हिसकावला.

"चढू नकोस रे पोरा! आकडा तडकलेला आहे. मला माहीत होतं. माहीत असून दिला मी!"