रुमालाखालची रॅम

“आधी जुपून दाखव, मग भावाचं बोलू,” कारभारींनी काउंटरवर बोट आपटलं.

पाटोद्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीचे स्क्रू एका बशीत होते. रॅमला, म्हणजे मेमरीच्या पट्टीला, जुपायचं कसं, हे दुकानाची मालकीण करिष्मा हिला कळेना. कारभारींची सून मनकर्णा हसली.

“मामांनी जन्मभर बैलांची दलाली केली. औताला चालवून बघितल्याबिगर ते रुपाया सोडत न्हाईत.”

मनकर्णा गावात फ्लेक्सची डिझाइनं करायची. आमच्याकडे वाढदिवस एकाचा असतो, पण शुभेच्छुक अख्खा गाव असतो, आणि ज्याचा फोटो राहिला तो पुढच्या निवडणुकीपर्यंत ते विसरत नाही. पुढारी अर्जुनरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उद्या सकाळी चौकात लागायचा होता आणि लॅपटॉप निम्म्या शुभेच्छुकांवरच मान टाकत होता. आज फाइल छपाईला गेली नाही तर काम बीडच्या माणसाकडे जाणार, आणि मागोमाग गावातली बाकीचीही.

“आठ जीबीची टाका की. स्वस्तात बसंल,” करिष्मा म्हणाली.

“दोन टाक. जोडी सारखी पायजे,” कारभारी म्हणाले.

“आजोबा, ह्यात जागाच एक हाय.”

“एका बैलाचं औत? कुणी गळ्यात मारलं गं तुझ्या?”

“तुमच्याच लेकानं,” मनकर्णा म्हणाली. कारभारी छताचा पंखा बघू लागले.

आठची पट्टी बसली. फ्लेक्स उघडला. सरपंच आले, सोसायटीचे चेअरमन आले, डेअरीवाले आले. तरुण मंडळाच्या पहिल्याच गॉगलला पडदा गोठला.

“बसला खाली,” कारभारी समाधानाने म्हणाले.

करिष्माने सोळाची लावली. या वेळी मंडळ आलं, मंडळाचे सगळे गॉगल आले, अर्जुनरावांच्या डोक्यामागचा उगवता सूर्यसुद्धा आला. मनकर्णाने फोटो इकडून तिकडे ओढून पाहिले, एकही अडखळला नाही. तिने टाळीच वाजवली आणि तिथूनच फाइल छपाईला पाठवून दिली.

आता भाव. कारभारींनी खांद्यावरचा रुमाल झटकून हातावर टाकला आणि सवयीने हात पुढे केला. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, तिसऱ्याला पत्ता लागत नाही. हात पुढे गेला आणि समोर नातीच्या वयाची, मेंदी लावलेली पोरगी आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. हात धरावा कसा? आणि मागे घ्यावा तर सौदा मोडला.

“मामा, सरका,” मनकर्णा म्हणाली.

“तुला येतंय?”

“नातवाला शिकिवता तवा मी काय नुसती भाकरीच थापते व्हय?”

“मला न्हाई येत,” करिष्मा म्हणाली.

“आण हात. सांगते.”

समोरच्या पार्टीला शिकवून सौदा करणारी बाई कारभारींनी जन्मात पाहिली नव्हती. मनकर्णा करिष्माच्या कानात बोटांचा हिशेब सांगायची, मग बोटं दाबायची.

“अगं माय! इतकं खाली?”

“मग तू कावून डोंगरावर बसलीस?”

रुमाल उसळत होता. दोघी खिदळत होत्या. एकदाचा रुमाल थांबला. मनकर्णाने फोन पदराआड धरून पैसे पाठवले. काउंटरवरचा डबा जमा झालेली रक्कम ओरडून सांगतो, म्हणून करिष्माने तो आधीच बंद केला होता.

जीपमध्ये बसता बसता कारभारींनी विचारलं, “कितीला तुटलं?”

“मामा, असं इचारत्यात का कुणी?”

अर्ध्या वाटेत त्यांनी पुन्हा विचारलं, जरा गोडीत. मनकर्णा खिडकीबाहेर बघून गालात हसत राहिली.

गावात उतरले तर हॉटेलवाला अजिनाथ कपबशी धरून उभाच. “काय बे कारभारी, केवढ्याला पडली रॅम?”

कारभारी थांबले. रुमालाची घडी त्यांनी बेताने खांद्यावर ठेवली.

“तुला आजवर कवा भाव सांगितलाय का मी?”

सून बरीच पुढे गेली होती. अजिनाथची नजर पाठीवर होती तोवर कारभारी रुबाबात चालले. मग वळण आलं आणि तिला गाठायला ते भराभर पाय उचलू लागले.