सांबरशिंगी चाकूचा आवाज

सांगलीच्या घाटावर, आयर्विन पुलाच्या अलीकडे, उन्हे कलली की तीन म्हातारे ठरलेल्या पायरीवर येऊन बसत. बाकीचे म्हातारे देवळात जात, नाहीतर लढाईच्या बातम्यांवरून एकमेकांच्या अंगावर येत. या तिघांचे वेड वेगळे होते. प्रत्येकाच्या खिशात एक मिटता चाकू होता, आणि दुसऱ्याच्या चाकूबद्दल ते जितक्या आस्थेने विचारीत तितक्या आस्थेने दुसऱ्याच्या प्रकृतीबद्दलही विचारीत नसत.

लालासाहेब हवालदार मूळचे कुंडलचे. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. आता मुलाजवळ सांगलीत राहत. मुलगा माधवनगरच्या गिरणीत होता. हवालदारांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण कान शाबूत होते. दुसरा गुंडा. सारा जन्म त्याने गुळाच्या अडतीत काढला होता. ढेपेत पाते खुपसून, बाहेर काढून, जिभेला लावून तो गुळाची जात सांगे. तिसरे गंगाधरपंत, साताऱ्याच्या कोर्टातले जुने नक्कलनवीस. बोरू तासता तासता त्यांना चाकूची गोडी लागली होती.

बसले की आधी सलामी व्हायची. हे नाव हवालदारांनी दिलेले. एकेकाने चाकू काढायचा, अंगठ्याचे नख पात्याच्या खाचेत घालून तो उघडायचा, आणि बाकीच्यांनी कान द्यायचा. मग पेरू, काकडी, जे काही कुणी आणले असेल ते कापायचे. दोन नेम होते. उघडा चाकू दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, दगडावर ठेवायचा. आणि ज्याने त्याने आपापल्याच चाकूने कापून खायचे.

हवालदारांचा चाकू उघडताना जाड, कोरडा आवाज करी. गुंडाचा जरा ओलसर वाजे. "गुळाचा दमटपणा शिरलाय रं त्याच्यात," हवालदार म्हणत. आणि पंतांचा! सांबरशिंगाची मूठ, आतून पितळेचे अस्तर, पाठीला पाते ताठ धरणारी पोलादी कमान. पाते सरळ झाले की असा खणखणीत 'खट्' होई की खालच्या पायरीवर धुणे धुणारी बाई मान वळवून बघे.

"पंत, तुमी बोलत न्हाई, पर तुमचा चाकू लय बोलतो," हवालदार म्हणत.

ते खरेच होते. पंत आयुष्यात एकदाच चारचौघांत मोठ्याने बोलले होते. साताऱ्यात एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्यात हा चाकू वर धरला गेला आणि पंतांच्या तोंडून आकडा निघून गेला. आपलाच आवाज ऐकून ते इतके दचकले की दुसऱ्या कुणी बोली वाढवली की नाही, हेही त्यांना कळले नाही. त्यानंतर बोलायचे काम जणू त्यांनी चाकूवर सोपवले. घाटावर दोघे रंगात येऊन गप्पा मारीत, पंत ऐकत. पण सलामीच्या वेळी ते मांडीवर हात घट्ट ठेवून आपल्या पाळीची वाट बघत.

त्या वर्षी मार्गशीर्षात थंडी लवकर पडली आणि पंतांच्या उजव्या अंगठ्याचे पेर सुजले. एका संध्याकाळी खाचेत घातलेले नख मागे दुमडले. कमान तशीच ताठ. पंतांनी चाकू हळूच पुन्हा खिशात टाकला.

"का हो पंत?" गुंडाने विचारले. समोर त्याने पिकलेले पेरू मांडले होते.

"आज उपास आहे."

"आवं, उपासालाच तर पेरू खात्यात!"

"तसं नाही… तिखटमीठ चालत नाही."

"मग बिनमिठाचा खावा की."

पंतांनी घाईघाईने दाढेवर हात ठेवला. गुंडा हसत सुटला. "उपास का दाढ, एक कायतरी ठरवा गड्या." हवालदार मात्र हसले नाहीत. आपला चाकू तळहातात झाकून ते पाण्याकडे तोंड करून बसले.

पंतांनी चाकूत गोडे तेल सोडले. सांधे मोकळे झाले, कमान होती तशीच राहिली. डाव्या अंगठ्याने करून पाहिले, तो तर त्याहून दुबळा. एका दुपारी झोपाळ्यावर बसून ते झटत असताना सून उमा ताकाचे भांडे घेऊन आली.

"मामंजी, द्या इकडे, मी उघडून देते."

"छे, छे. गंज आहे का बघतोय नुसता."

 त्यांच्या लाल झालेल्या अंगठ्याकडे तिने पाहिले, ताक खाली ठेवले आणि आत गेली. पंतांना वाटले, हाक मारावी. पण आज चाकू, मग उद्या धोतराची गाठ, परवा आंघोळीचा तांब्या, असे काहीतरी मनात येऊन त्यांनी चाकू खिशात टाकला आणि ताक उचलले.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात आकारामकडे गेले. आकाराम कुलपे, अडकित्ते, चाकू, काय येईल ते दुरुस्त करी, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणे त्याला ठाऊक नव्हते.

"जरा सैल व्हायला हवा होता," पंत म्हणाले.

"एवढंच व्हय? आत्ता करून देतो की, बसा."

त्याने खिळे काढले, कमान वेगळी केली आणि कानस चालवली. पोलादाचा भुसा त्याच्या मांडीवर पडत होता. थांब म्हणावे असे पंतांना एकदा वाटले, पण मघाशी आपणच तर सांगितले. आता काय म्हणायचे? चाकू जोडून आकारामने बोटाच्या नुसत्या टोकाने पाते उघडून दाखवले. "बगा, पोरगंसुदीक उघडंल!"

पंत खूश झाले. घरी जाताना वाटेत त्यांनी तो किती वेळा तरी उघडला आणि मिटला. अंगठा दुखत नव्हता. बाजाराच्या गलबल्यात दुसरे काही त्यांच्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी ते सगळ्यांच्या आधी घाटावर हजर होते. गुंडाने ऊब लागावी म्हणून डोक्यातोंडाला मफलर गुंडाळला होता. सलामी सुरू झाली. हवालदारांचा जाड आवाज झाला. गुंडाचा ओलसर आवाज झाला. मग पंतांनी चाकू काढला आणि पाते सरळ केले.

नदीवरून वारा येत होता. खालच्या पायरीवर कुणीतरी घागर बुडवली.

"पंत, उघडा की," हवालदार म्हणाले.

"उघडला."

हवालदारांनी मान तिरकी केली. "कवा?"

 पंतांनी नेमाप्रमाणे चाकू दगडावर ठेवला. हवालदारांनी चाचपत तो उचलला, मिटला, उघडला. पाते लोंबले आणि आपोआप अर्धे मिटले. त्यांनी कमानीवरून बोट फिरवले. घासलेल्या जागेवर बोट थांबले.

"ह्याला कुनी मारलं?"

"मीच घासून घेतला," पंत म्हणाले. "अंगठा चालेना माझा. उघडेना."

 मग हवालदारांनी बंडीच्या बाहीत हात घातला आणि मनगटाच्या काळ्या दोऱ्यात ओवलेला भोकाचा पैसा बाहेर ओढला. या चालू लढाईत निघालेला, पातळ तांब्याचा.

"ह्याची कड खाचंत घालतो, आन् उचलतो. माजा अंगठा तर कवाच गेला."

"पण मला कधी दिसलं नाही!"

"तळहातात झाकतो न्हवं का. तुमाला दिसलं तर तुमी काय म्हनशीला, ह्याचं भ्या."

पंत बघतच राहिले. रोज ते हवालदारांच्या शेजारी, हातभर अंतरावर बसत. पण सलामीच्या वेळी त्यांचे सगळे लक्ष आपल्याच पाळीकडे असे.

गुंडा चुळबुळत होता. शेवटी त्याने मफलर खाली ओढला, जीभ टाळूला लावली आणि सोडली. 'खट्!' तोच ओलसर आवाज.

"आयला!" हवालदार ओरडले.

"माजा चाकू झिजून कवाच ढिला पडला. तुमी दोघं असं कान टवकारून बसायचा, लाज वाटायची मला."

"आन् मी म्हनतोय, गुळाचा दमटपणा!"

हवालदार पोट धरून हसले. गुंडा हसला. पंतही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण त्यांचे हसू आधी ओसरले. गुंडाचा चाकू वापराने झिजला होता, त्याला इलाज नव्हता. हवालदारांचा तर अजून धडधाकट होता. या पायरीवर चांगला चाकू स्वतःच्या हाताने मुका केलेला माणूस एकच.

"नवी कमान बसवून घ्या," गुंडा म्हणाला.

"साताऱ्याला भवानी पेठेत एकजण बसवायचा. तो वारला. आणि तसलं पोलाद हल्ली येत नाही."

"लढाई सपली की यील," हवालदार म्हणाले. पण कधी संपेल ते त्यांनी सांगितले नाही.

गुंडाने पेरू पुढे सरकवला. पंतांनी आपला चाकू उचलला. पाते पेरूत शिरले आणि जोर देताच मुठीकडे वळले. बोट थोडक्यात वाचले.

"ठेवा त्यो खिशात," हवालदार म्हणाले. त्यांनी आपला उघडा चाकू दगडावर, पंतांच्या गुडघ्याजवळ ठेवला. "ह्यानं कापा."

"पण आपला नेम—"

"कापा म्हनतो न्हवं."

पंतांनी परक्या चाकूने पेरू कापला. मूठ हाताला वेगळी लागत होती. मिठाची पुडी कुणी पुढे केली तेही त्यांनी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी घाटावर निघताना पंत ओसरीत घुटमळले. चाकू खिशात होता. आता तो उघडायला कुणाची गरज नव्हती. तरी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन खाकरले.

"उमा, जरा हा उघडून देतेस का?"

तिने लगबगीने हात पुसले. चाकू तिने त्यांच्या हातातून घेतला, दोन्ही पाय रोवून उभी राहिली, नख खाचेत घातले आणि दात आवळून जोर लावला. पाते इतक्या पटकन वर आले की ती मागे झोकांडली.

"अगंबाई! किती सहज उघडतो हो, मामंजी," ती हसून म्हणाली. "मला वाटलं, फार ताठ असेल."

"होता," पंत म्हणाले, आणि चाकू घ्यायला त्यांनी हात पुढे केला.