सरळ रेषेत तीनशे चाळीस मीटर

पालिकेच्या मोजणी विभागात तिला सगळे चाकवाल्या बाई म्हणायचे. लांब दांड्याचं एक चाक होतं. ते ढकलत चालायचं. दर मीटरला ते टक् वाजायचं आणि दांड्यावरचा आकडा एकने पुढे सरकायचा. अकरा वर्षं ती हेच करत होती. पदपथ किती रुंद, सावली किती, मधेच खांब कुठे उभा. शहर तिला तळपायांनी पाठ झालं होतं आणि तळपाय आता कुरकुरायला लागले होते.

यंदा शहर माणसांच्या तब्येतीला कितपत मानवतं, ते मोजायचं होतं. घरापासून बसथांबा, बाग, बाजार चालत गाठता येतो का, वगैरे. नकाशे कचेरीतच तयार झाले होते. बाईंनी फक्त वीस ठिकाणी जाऊन थांबा जागेवर आहे ना, एवढं बघून यायचं होतं. यादीतल्या चौदाव्या ठिकाणाशी ती अडली. ती तिच्या ताईची वसाहत होती. पुढे लिहिलं होतं : थांबा ३४० मीटर, जवळ.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकटीच राहायची. गुडघे कामातून गेलेले, म्हणून आठवड्यातून दोनदा बसने दवाखान्यात व्यायामाला जायची. मंगळवारी सकाळी बाई चाक घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"आज तुझ्याबरोबर थांब्यापर्यंत येते. तू तुझ्या चालीने चाल."

"म्हणजे माझी मोजणी? कर बाई. रक्त झालं, साखर झाली, दाब झाला. एवढंच राहिलं होतं."

फाटकाबाहेर पडताच समोर सहापदरी रस्ता, मधे छातीएवढा लोखंडी कठडा, आणि बरोबर पलीकडे थांबा.

"तो बघ," ताईने काठी उचलून दाखवलं. "रोज दिसतो. एखाद्या दिवशी हात करेल मला."

पादचारी पूल होता, पण त्याला चौसष्ट पायऱ्या होत्या. त्यामुळे सिग्नलपर्यंत खाली जायचं, रस्ता ओलांडायचा आणि तेवढंच परत वर यायचं. पदपथावर विजेची पेटी आली की रस्त्यावर उतरायचं. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर ताई पहिल्यांदा बसली. हिरवा दिवा चौदा सेकंद टिकायचा. तेवढ्यात ती रस्त्याच्या मध्यापर्यंतच पोचली. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट जात असताना ती धाकट्या बहिणीचा दंड घट्ट धरून पुढच्या दिव्याची वाट बघत राहिली. थट्टा बंद झाली होती.

थांब्यावर पोचल्या तेव्हा चाकावर अकराशे साठ मीटर होते आणि एकेचाळीस मिनिटं गेली होती. बस नुकतीच सुटली होती. बसायला बाक नव्हता. ताई खांबाला टेकली.

"डॉक्टर म्हणतात, चालत जा रोज," ती धापा टाकत म्हणाली. "तिथे पोचेपर्यंतच माझा व्यायाम होतो गं चिमे."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पोलकं घामाने चिंब होतं.

दुपारी तिने साहेबांपुढे वही ठेवली. साहेब वाईट माणूस नव्हता. डोळे सुजलेले, अहवाल शुक्रवारी द्यायचा होता.

"बाई, नकाशावर सरळ रेषेतच मोजतात. इतर शहरांनीही तसंच मोजलंय. आपण मधेच पट्टी बदलली तर तुलना कशी करायची?"

"साहेब, माणूस काही उडत जात नाही."

"मान्य. पण एका ठिकाणावरून काय सिद्ध होतं?"

"मग वीसही ठिकाणं चालून मोजते."

"शुक्रवारपर्यंत?"

"शुक्रवारपर्यंत."

तिने मोजली. तीन दिवस घरी येऊन ती पाय कोमट पाण्यात ठेवायची आणि तशीच बसल्या बसल्या पेंगायची. वीस ठिकाणांपैकी नकाशावर सतरा जवळ होती. पायी चालून नऊच उरली. साहेब बराच वेळ वही बघत राहिले, मग ती घेऊन वरच्या मजल्यावर गेले. तासाभराने उतरले तेव्हा खुर्चीत बसण्याऐवजी टेबलाला टेकले.

"परिशिष्टात घालायची परवानगी मिळाली."

"परिशिष्ट कोण वाचतं?"

"मी वाचतो," साहेब म्हणाले. "माझ्यासारखे असतात अजून दोन-चार."

अहवाल निघाला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात जुनाच आकडा होता. बाईंना राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं.

महिन्याभरात ताईने दवाखाना सोडला. फोनवर म्हणायची, "आता बरं वाटतंय." दुखणं लपवतानाचा तो आवाज बाईंना लहानपणापासून ओळखीचा होता. रविवारी जाऊन तिने ताईचं सामान बांधलं आणि तिला आपल्या दोन खोल्यांत आणलं. इथे थांबा जिन्याखालीच होता. ताई पुन्हा एकटी बसने जाऊ लागली, परत येऊन डब्यांची जागा बदलू लागली, आणि रोज त्यावरून दोघींची खडाजंगी होऊ लागली.

एकदा भाजी निवडता निवडता ताई म्हणाली, "माझ्या घरात नवं बिऱ्हाड आलंय म्हणे. पोर दोन महिन्यांचं आहे."

"हं."

"लस टोचायला न्यायचं म्हणजे त्याच रस्त्याने. एका हातात पोर, एका हातात पिशवी. त्याची आई कशी गं जात असेल?"

बाईंनी ताईपुढची अर्धी जुडी आपल्याकडे ओढली आणि देठं मोडायला घेतली.