पाण्याखालचा पंखा

“पंखा उजवीकडून येतोय. आता वळला. एका पात्याचं टोक वाकलंय,” कानांवरच्या काळ्या चकत्या दाबून धरत अन्सार म्हणाला.

साहेबाने लाँच काठाला आणवली. तिच्या बुडाच्या पंख्याच्या एका पात्याचे टोक खरेच वाकलेले होते.

अन्सार नाशकात बाजाच्या पेट्या सुरात लावून देई. एकोणचाळीस साली विलायतेत लढाई पेटली, जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवू लागल्या आणि पाण्याखालचे आवाज टिपणारे यंत्र घेऊन हा साहेब दारणा धरणावर आला. पाणबुडीच्या जागी लाँच होती. यंत्र आवाज टिपे; तो ओळखायला माणसाचा कान हवा होता. अन्सारचा धाकटा भाऊ नियाज, त्याचाही कान तितकाच तयार. पण साहेबाने थोरल्याला निवडले, तेव्हापासून नियाज घरात धड बोलत नव्हता.

बाराव्या दिवशी साहेब दुभाष्याशी इंग्रजीत बोलला. पाण्यात बॉम्ब फुटल्यावर ऐकणाऱ्याला पाणबुडी पुन्हा किती वेळात सापडते, ते त्याला पाहायचे होते.

“अन्सारला सांगून ठेवू?”

“नको. चकत्या सैल धरेल.”

अन्सार डोळे मिटून ऐकत होता. स्फोट झाला तसा तो खुर्चीसकट मागे कोसळला. दोन्ही कानांतून रक्त आले. साहेब घड्याळ घेऊन वाकला. “विचार, पंखा ऐकू येतोय का?”

दुभाष्याने तीनदा ओरडून विचारले. साहेबाने पाच मिनिटे वाट पाहिली आणि वहीत एक रेघ मारली.

पंधरा दिवसांनी दुभाष्याला घेऊन साहेबाची मोटार अन्सारच्या दारात आली. त्याला आता काहीच ऐकू येत नव्हते, म्हणून दुभाष्याने कागदावर लिहिले : ‘तुझ्यासारखा कान आणखी कुणाला आहे?’

अन्सारने ते दोनदा वाचले. “आमच्या घरात कुणालाच नाही.”

“भाईजान खोटं बोलतायत,” मागून नियाज म्हणाला. “मला आहे.”

“नियाजभाई, त्यांची दशा तरी बघा!” अन्सारची बायको सुरय्या कळवळली.

“त्यांचंच काहीतरी चुकलं असेल.”

“तसंच झालं,” दुभाष्या जमिनीकडे बघत म्हणाला.

अन्सारला यातले काही कळले नाही. नियाज मोटारीत बसताना दिसला, तेव्हा तो अनवाणीच धावला.

“नियाज, उतर! आधी सांगत नाहीत ते! काही सांगत नाहीत!”

नियाजने मान वळवली नाही. मोटार सुटली. आपला आवाज निघतोय की नाही, अन्सारला समजेना. गळ्याच्या शिरा ताणून तो ओरडतच राहिला. माणसे दारांत येऊन बघू लागली.

सुरय्याने त्याचा हात धरून त्याच्याच गळ्यावर ठेवला. गळा थरथरत होता.

म्हणजे नियाजने ऐकले होते.