मशीननं काढलेलं नाव

“पन एकाचंच नाव का? आमी काय दुसऱ्या घरातले हाव?” चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता आवडाबाईनं विचारलं.

अनसूया टॅबलेटवरून मान वर न करता म्हणाली, “मावशी, मशीनला सगळं कळतं. ज्याला विचारायला पाहिजे, त्याचंच नाव ते काढतं.”

हे वाक्य तिच्या तोंडात बसलेलं होतं. साबणाचा सर्व्हे असो, टीव्हीचा असो की निवडणुकीचा, दारोदार ती हेच सांगत आली होती. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं भरायची, बटण दाबायचं, मशीन त्यातलं कुठलंही एक नाव काढणार आणि फक्त त्यालाच प्रश्न विचारायचे, असा नियम. चिठ्ठ्या टाकण्यासारखाच प्रकार. पण ते समजावत बसलं की सासरा रुसतो, दीर हुज्जत घालतो आणि ऊन डोक्यावर येतं. ‘मशीनला सगळं कळतं’ म्हटलं की सगळे गप्प. यंत्रापुढं आपल्याकडे कोण वाद घालतो?

या वेळचा सर्व्हे तंबाखूचा होता. कोण खातं, कोण ओढतं, सोडावीशी वाटते का, असे प्रश्न. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघालेली जीप तिला कन्नडच्या अलीकडच्या या गावात उतरवून पुढं गेली होती.

आणि नाव निघालं होतं आवडाबाईच्या नवऱ्याचं, रामकिसनचं. आता याला काय म्हणावं! रामकिसन असा माणूस की लग्नात पुढ्यात आलेला विडासुद्धा शेजाऱ्याला देऊन टाकील. विडी? नाही. गुटखा? नाही. तंबाखू-चुना? “थू,” म्हणाला. बघता बघता मुलाखत आटोपलीसुद्धा. पण इतक्या नावांतून आपलंच का निघालं, या विचारानं त्याचं तोंड उतरलं होतं.

आवडाबाई मात्र उंबऱ्यावर टेकून बसली होती आणि तिचं सगळं ध्यान टॅबलेटकडे होतं.

“ताई, माझं बी नाव घातलं व्हतं ना त्यात?”

“घातलं होतं की.”

“नीट?”

“आवडाबाई, वय अठ्ठावन्न. अगदी नीट.”

“मंग झालं तर!” आवडाबाईनं मांडीवर थाप मारली. “संस्कृती, ए संस्कृती! ऐकलंस का? मशीननं मला सोडलं!”

आतून सून बाहेर आली. तिच्या हातात कपड्यांची भरलेली पिशवी होती. ती सासूकडे बघत राहिली, मग अनसूयाकडे. “ताई, काय सांगितलंत तुम्ही यांना?”

मग हळूहळू उलगडा झाला. सासूच्या गालाच्या आत जखम झाली होती. महिने लोटले तरी भरत नव्हती. तिखटाचा घास लागायचा, जांभईसुद्धा पुरती देता येत नव्हती. उद्या सकाळच्या एसटीनं तिला शहरात, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायला न्यायचं होतं.

“ह्यांनी बिडकीनच्या कंपनीतून फोन करून करून सांगितलं. मी पाया पडले त्यांच्या,” संस्कृती म्हणाली. “दिवाळीपासून नाय नाय चाललं होतं. काल कुठं हो म्हणाल्या.”

“मावशी, तुम्ही तंबाखू…”

“शिवत नाय मी तंबाखूला! निस्ती मिसरी लावती. सकाळच्याला, दुपारच्याला आन् निजताना. दात घट ऱ्हात्यात.”

तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू म्हणजेच मिश्री. टॅबलेटमध्ये तिच्याविषयी प्रश्न होता. पण नियमाप्रमाणे तो आवडाबाईला विचारायचा नव्हता.

अनसूया घाईघाईनं पुढं सरकली.

“मावशी, माझं ऐका. मशीनला काहीसुद्धा कळत नाही. मी उगाच बोलले. चिठ्ठी उचलल्यासारखं ते कुणाचंही नाव काढतं. दुखण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.”

“आता म्हन्ती चिठ्ठी!” आवडाबाई हसली. हसताना तिचा एकच गाल हलला. “आन् मघाशी?”

“थांबा, दाखवतेच तुम्हाला.”

अनसूयानं टॅबलेटवर मागच्या पानावर जाऊन पुन्हा बटण दाबलं. दुसरं कुणाचं तरी नाव येईल आणि हा घोळ मिटेल, असं तिला वाटलं. नाव आलं, रामकिसन. तिनं पुन्हा दाबलं. रामकिसन. सर्व्हेवाल्यांनी आपल्या सोयीचा माणूस गाठू नये म्हणून एकदा निघालेलं नाव मशीन बदलत नाही. प्रशिक्षणात हे तिला बजावून सांगितलं होतं आणि नेमकं आत्ताच ती ते विसरली होती.

रामकिसन मटकन बाजेवर बसला. “तीनदा निगालं. सरकारी मशीन खोटं कशाला बोलंल?”

“काका, तुम्हाला काही झालेलं नाही हो! तुमच्या गळ्याची शपथ.”

“तुमाला सांगायची मनाई आसंल, ताई,” तो समजूतदारपणे म्हणाला. “आमी काय तुमाला बोल लावत नाय.”

आवडाबाई तोवर उठली होती. तिनं सुनेच्या हातातली पिशवी घेतली, आपलं घडी घातलेलं लुगडं काढून ठेवलं आणि दोरीवरचा नवऱ्याचा सदरा नि धोतर आत कोंबलं. “उद्या यान्ला ने. डाक्टरनं येळ दिलीया, ती वाया कशाला घालवायची?”

“मग तुम्हीपण चला, आत्याबाई. मामांना सोबत होईल.”

“हो मावशी, खरंच जा,” अनसूयानं बुडत्याला काडी सापडावी तसा धागा पकडला. “दोघांनीही दाखवून घ्या.”

“आन् म्हशीला कोन बघंल? नाय बाई. लई भ्याले व्हते मी. आता मला सुखानं घरी बसू द्या.”

तिचा चेहरा असा मोकळा झाला होता की पुढं बोलायला अनसूयाची जीभ रेटेना. तरी ती बोलली. घडाघडा बोलली, हात जोडले, मिश्रीनं काय होतं ते सांगितलं. आवडाबाई लहान मुलाचं ऐकावं तसं कौतुकानं ऐकत होती. टॅबलेट उचलून अंगणातल्या दगडावर आपटावा असं अनसूयाला वाटलं. पण त्याचाही उपयोग नव्हता.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

“थांब, तशीच जाऊ नको,” आवडाबाई म्हणाली. “लेकीवानी आलीस, माझा घोर मिटवून चाललीस.” ती सुपात गहू आणि नारळ घेऊन आली. “संस्कृती, ताईला कुंकू लाव.”

संस्कृतीनं कुंकू लावलं. तिचं बोट गार पडलं होतं. “आता त्या माझं ऐकायच्या नाहीत,” ती एवढंच पुटपुटली आणि आत निघून गेली.

ओटी नको, असं अनसूयाला ओरडून सांगायचं होतं. पण ओटीला नाही म्हणायचं नसतं. तिनं टॅबलेट बाजेवर ठेवला आणि पदर पसरला. आवडाबाई ओंजळी भरभरून गहू घालत होती. पदर जड होऊन एका बाजूनं सुटायला लागला.

“नीट धर, बाई,” आवडाबाई म्हणाली.

अनसूयानं तो दोन्ही हातांनी धरला.