फाटलेला तक्ता

मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता देब्रे बिरहान या शहरातल्या एका सरकारी शाळेत पहिलीच्या वर्गातला अक्षरांचा तक्ता खिळ्यावरून निसटून पडला आणि मधोमध फाटला. कुणाला लागलं नाही. अस्नाकेच टीचरनी दोन्ही तुकडे उचलले, घाईघाईने पुन्हा भिंतीवर ठोकले आणि काठी मेक्लितच्या हातात दिली.

मेक्लित नऊ वर्षांची, शाळेत उशिरा आलेली, त्यामुळे वर्गात सगळ्यांत उंच. रोज तीच तक्त्यावर काठी फिरवायची आणि बहात्तर पोरं तिच्यामागून ओरडायची. तक्ता आपल्या बाराखडीच्याच धर्तीचा: एका ओळीत एका अक्षराची सात रूपं, अशा तीसेक ओळी.

“हा, हु, ही,” वर्ग गर्जला.

अस्नाकेच हजेरी लावत होती. सहज मान वर केली आणि तिचं पेन थांबलं. घाईत तिने खालचा तुकडा वर लावला होता. काठी ‘के’ वर होती आणि वर्ग ‘हा’ म्हणत होता. काठी सरकली तसा वर्गही सरकला. शेवटच्या ओळीपर्यंत एकही पोर अडखळलं नाही.

तिने मेक्लितला थांबवलं. एका अक्षरावर बोट ठेवलं. “हे काय?”

मेक्लितने तक्ता वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग हळूच म्हणाली, “टीचर, हे आधी कुठे होतं?”

मधल्या सुट्टीत अस्नाकेच मुख्याध्यापकांकडे गेली. आतो देम्से, म्हणजे देम्से सर, चहात साखर ढवळत होते.

“शुक्रवारी पालक येणार, कचेरीतले साहेब येणार,” ते म्हणाले. “तक्ता नीट चिकटवा. पोरं खणखणीत म्हणतात, साहेबांना तेवढं पुरे.”

“त्यांना वाचता येत नाही, सर. जागा पाठ आहेत. अक्षर ओळखीचं नाही.”

“दुसरीत येईल.”

“दुसरीत थेट धडा असतो. तिथे अक्षरं कोण शिकवतं?”

“माझ्याकडे दोन वर्गांना शिक्षकच नाहीत, बाई. तुमच्या वर्गात निदान आवाज तरी येतो.”

माणूस वाईट नव्हता. दमलेला होता. तीही दमलेलीच होती.

तिला खरी काळजी होती ती मेक्लितची. पोरीची आई, तिरुनेश, बाजारात इंजेराच्या आंबवलेल्या भाकऱ्या विकायची. तिरुनेशच्या राजधानीत, अदिसमध्ये राहणाऱ्या बहिणीला तान्हं बाळ सांभाळायला कुणीतरी हवं होतं. घरात ठरलं होतं: वर्ष संपेपर्यंत पोरगी वाचायला लागली तर शाळा, नाहीतर अदिस. आणि वर्ष आता संपत आलं होतं. शुक्रवारी खरं बोलायचं म्हणजे पोरीची शाळा आपल्याच हाताने बंद करायची. गप्प बसायचं तर पोरगी दुसरीत जाणार आणि तिथे पुस्तक उघडून नुसती बसणार.

संध्याकाळी ती डिंक घेऊन जमिनीवर बसली. तिचे वडील शेगडीजवळ कॉफीच्या दुसऱ्या उकळीची वाट बघत होते. त्यांनी उभा जन्म चर्चच्या अंगणात पोरांना अक्षरं शिकवण्यात घालवला होता. तिने सकाळची हकिगत सांगितली.

“काठी उलटी फिरवली होतीस का कधी?” म्हाताऱ्याने विचारलं. “शेवटून सुरुवातीकडे? मधूनच एखादं?”

“तुमच्यापुढे दहा-बारा पोरं असायची, अब्बाये. माझ्यापुढे बहात्तर आहेत.”

“ते मी कुठे नाकारतो? पण बहात्तर पोरं एकदम बोलतात तेव्हा तू कुणाचं ऐकतेस?”

“सगळ्यांचं.”

“कुणाचंच नाही. गलका ऐकतेस. पाच पोरांना येत असेल, बाकीची त्यांच्या आवाजात तोंड लपवतात. आणि तुला बरं वाटतं, कारण गलका चालू असताना जरा टेकता येतं.”

ते तिला लागलं. “टेकू नको तर काय करू? माणूस आहे मी.”

“टेक की. कोण नको म्हणतं? पण रोज दहाच पोरांना एकेकटं विचार, बाकीच्यांना एकमेकांना विचारू दे. तक्ता पुरा कर म्हणून कुणी सांगितलं तुला? साहेबाने? साहेबाला तो कशाला हवाय, त्याला येतोच.”

तिला हसू आलं, पण थोडंच. मग तिने डिंकाची बाटली बंद केली आणि कात्री घेतली.

बुधवारी पोरांच्या हातात एकेक सुटं अक्षर पडलं. ‘हे तुझं. याचं नाव सगळ्यांना सांगायचं आणि दुसऱ्यांची नावं विचारायची.’ वर्गात गोंधळ माजला, दोन अक्षरं फाटली, एक कुणीतरी चघळलं. मेक्लित आपलं अक्षर उलटसुलट करत कोपऱ्यात बसली होती. तिला काठी हवी होती. दुपारी मात्र तिने एका लहानग्याला त्याच्या अक्षराचं नाव विचारलं, आणि ते स्वतःशी पुटपुटत राहिली.

शुक्रवारी पाठांतर झालंच नाही. पोरं सुटी अक्षरं घेऊन उभी राहिली, निम्मी चुकली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आतो देम्से त्यांना घेऊन घाईने पुढच्या वर्गाकडे वळले.

तिरुनेश फाटकापाशी थांबली होती. “टीचर, मला एकच सांगा. वाचता येतं का हिला?”

“नाही,” अस्नाकेच म्हणाली. “अजून नाही. पोरगी ढ नाही, तिरुनेश. शिकवायला मी चुकले. पावसाळ्याच्या मोठ्या सुट्टीत तिला रोज माझ्या घरी पाठव.”

“बाळ सुट्टी घेतं का, टीचर?”

“नाही घेत.”

“मग? बहिणीला काय सांगू, बाळाला पुढच्या वर्षी रडायला सांग म्हणून?”

अस्नाकेच ‘येतं’ असं म्हणाली असती तर ते खोटं त्या पोरीनेच जन्मभर निस्तरलं असतं, एवढं तिला ठाऊक होतं.

आपल्याही घरी पाहुण्यांपुढे पोर घडाघडा म्हणून दाखवतं आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या आवाजाला असतात. पोराला जवळ घ्या, मधलंच एक अक्षर दाखवा आणि उत्तराची वाट बघा. नाही आलं तर रागवू नका. शिकवण्याची सुरुवात तिथून होते.

सोमवारी मेक्लित शाळेत आली. तिला सुटी चौदा अक्षरं ओळखता येतात. अदिसला जायचं ठरलं तर बस गुरुवारची. तिरुनेशने तिकीट काढलेलं नाही, आणि बहिणीला नकारही कळवलेला नाही.