मिस्त्रींच्या दातांतला टॉर्च

शी! आधी मला कोणी तरी पुसा. कोरडं फडकं असेल तर बरं, नाहीतर सदऱ्याचं टोकही चालेल. हं, आता बोलतो.

मी टॉर्च बोलतोय. लांबीला बोटभर, जाडीला अंगठ्याएवढा. रंग काळा होता, आता विचारू नका. शिक्षण म्हणाल तर माझ्या खोक्यावर चार ओळी छापल्या होत्या, तेवढंच. त्यातली एक होती, 'पाण्याने बिघडत नाही.' पाण्याने नसेन बिघडत! थुंकीबद्दल त्या शहाण्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

जन्म कारखान्यात झाला. तिथं मला तीनदा फरशीवर आपटलं, एकदा बादलीत बुडवलं आणि 'उत्तम' असा शिक्का मारला. तुमच्या बाळाला असं केलं तर शेजारी धावून येतील. पण खरं सांगतो, तेच माझे सुखाचे दिवस. स्वच्छ होतो हो मी!

पुढे दुकानातल्या काचेच्या कपाटात आलो. शेजारी एक थोरला टॉर्च होता, पाण्याच्या बाटलीएवढा. त्याचा उजेड सात तऱ्हांचा: तेज, मंद, उघडझाप, लाल, आणखी काय काय. बटण मात्र एकच, त्यामुळे विझवायचं तर सातही नखरे करून झाल्याशिवाय गडी विझायचा नाही. आणि माझ्याकडे बघायचा कसा, तर जेवताना माशी बघावी तसा.

एके सकाळी लिफ्ट दुरुस्त करणारे एक मिस्त्री आले. सोबत मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोघं जोडीनंच काम करायचे. मिस्त्रींनी पहिला टॉर्च उचलला आणि सरळ तोंडात घातला.

"अहो, अहो! विकायचाय मला तो!" दुकानदार किंचाळला.

"मग मी काय गिळतोय? दोन्ही हात कामात असतात, टॉर्च दातांत राहायला हवा. जबडा दुखला की गेला तो टॉर्च."

असे त्यांनी पाच टॉर्च चाखले. सहावा मी. काय सांगू! कच्चा कांदा, कालचा तंबाखू आणि डावीकडे एक किडकी दाढ. कारखान्यातल्या बादलीची आठवण येऊन मला रडू फुटलं.

"ह्याचं बटण कसंय?" मला बाहेर काढून मिस्त्रींनी विचारलं.

"दाबलं की लागतो, दाबलं की विझतो. गरीब आहे बिचारा."

"हाच द्या."

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. "दाजी, घेऊन घेऊन हा? लिपस्टिकएवढा? हा थोरला बघा, सात तऱ्हेचा उजेड!"

"खड्ड्यात काय नाटक बसवायचंय?"

मेहुण्यानं थोरला स्वतःसाठी घेतलाच. हौसेला मोल नाही आणि मेहुण्याला अक्कल नाही, असं मिस्त्री वाटभर म्हणत राहिले.

लिफ्टच्या खाली एक खड्डा असतो, ठाऊक आहे? वर अत्तर लावून उभी असणारी माणसं दाराच्या फटीतून काय काय खाली सोडतात, ते मला विचारा. चघळून टाकलेला डिंक, कापलेली नखं, केसांचे गुंते, अर्धवट चोखलेल्या गोळ्या, वापरलेली पट्टी, आणि थुंकी तर पावलोपावली. एकदा कवळीसुद्धा सापडली. शपथेवर सांगतो, मिस्त्रींच्या दातांपेक्षा ती स्वच्छ होती! वर आरशात भांग पाडायचा आणि खाली कंगव्यातला मळ झटकायचा, ही तुमची रीत.

मी तोंडात असलो की मिस्त्रींना बोलता येत नसे. म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. मेहुणा वर, लिफ्ट ओढणाऱ्या मोटारीच्या खोलीत. दोरांच्या भोकातून, लिफ्टच्या डब्याच्या कडेनं त्याला खालचा उजेड दिसे. उजेड स्थिर असला तर माणूस खाली आहे, मोटार बंद. तीनदा उघडझाप झाली तर माणूस बाहेर आला, मोटार चालव. इतकं सोपं, की मलासुद्धा कळायचं.

एका सहामजली इमारतीत खड्ड्यातलंच बटण बिघडलं होतं. खालच्या माणसाला लिफ्ट थांबवता यावी म्हणून असतं ते. निघताना मेहुणा म्हणाला, "दाजी, आज माझा घेऊन बघा. एकदाच. माझ्या समाधानासाठी."

बायकोच्या भावाचं समाधान! तिथंच घात झाला. मी गेलो छातीवरच्या खिशात. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. म्हटलं, घे थोरल्या, चाख कांदा!

पण थोरला तोंडात मावेना. मिस्त्रींनी तो मांडीशी टेकवला. लिफ्टच्या चकचकीत रुळावरून उजेड उलटून डोळ्यांत गेला, म्हणून मंद करायला त्यांनी बटण दाबलं. उजेड मंद झाला. अजून डोळ्यांवर येत होता, म्हणून पुन्हा दाबलं. आणि थोरल्यानं डोळे मिचकावले. एक, दोन, तीन.

वर मोटार घुरघुरली.

मिस्त्री ओरडले, पण मोटारीपुढे कोण ऐकणार? दचकून हात सुटला, थोरला घाणीत पडला आणि फुटला. काळोख. डोक्यावर डबा उतरतोय. मिस्त्रींनी मला ओढून काढलं, लावलं, दातांत कचकन दाबलं, आणि दोन्ही हात वर केले. वेडा माणूस अख्खी लिफ्ट हातांनी थोपवायला निघाला होता! तोंड मात्र डब्याच्या कडेच्या फटीकडे वळवलेलं.

मी जळत राहिलो. डोळा मुळीच मिचकावला नाही. सगळी थुंकी माझ्या अंगावरून वाहत होती, दात कातडीत रुतत होते, आणि जन्मात पहिल्यांदा मी मनात म्हणत होतो, सोडू नका, मिस्त्री, सोडू नका.

डबा त्यांच्या तळहातांवर येऊन टेकला. तिथंच थांबला.

मेहुणा सहा मजले धावत खाली आला. रडत होता. "दाजी, आधी उघडझाप झाली... मग पाहिलं तर उजेड हलेना..."

मिस्त्रींनी मला तोंडातून काढलं. "तुझ्या ताईला काय सांगितलं असतंस रे गाढवा?" एवढंच म्हणाले, आणि त्याला छातीशी धरलं. मधे मी चिरडलो. एकाचा घाम, दुसऱ्याचं नाक. शी!

दुसऱ्या दिवशी मेहुणा त्याच दुकानात गेला. पहिला टॉर्च उचलून त्यानं सरळ तोंडात घातला. दुकानदार आता किंचाळत नाही. काउंटरवर फडकं ठेवतो. मेहुण्यानं विचारलं, "ह्याचं बटण कसंय?" आणि माझा धाकटा भाऊ घेऊन आला. मेहुणा लसूण खातो. भावासाठी मला वाईट वाटतं, पण हसूही आवरत नाही.

तर टॉर्च घ्यायला जाल तेव्हा एवढं बघा: दाबलं की लागावा, दाबलं की विझावा, आणि दातांत मावावा. आणि घरून निघताना, हात जोडतो, चूळ भरा.

माझ्या अंगावर दोन दातांचे खळगे पडलेत. मिस्त्रीणबाई परवा म्हणाल्या, "जुना झाला, टाकून द्या ना." मिस्त्रींनी मला सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा तोंडात घातलं. खळगे बरोबर दातांखाली बसले.

पुन्हा तोच कांदा. माणूस जिवंत आहे म्हणायचं.